ब्रूनोचा दाखला

माणसाने कुत्र्याला माणसाळवले आणि त्या दिवशी संस्कृतीचा पहिला दिवा लागला. हे वाक्य माझे नाही. आमच्या खात्याच्या एका प्रशिक्षण शिबिरात पाहुण्या व्याख्यात्यांनी ते उच्चारले आणि आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतले. शिबिर संपल्यावर बाहेर आलो, तर व्याख्याते आपल्याच मोटारीभोवती फेऱ्या मारत होते. आत त्यांचा कुत्रा होता आणि तो त्यांना दाराला हात लावू देत नव्हता. शेवटी चहाच्या टपरीवरच्या बाईंनी काचेतून टोस्ट दाखवला, तेव्हा त्यांना त्यांची मोटार परत मिळाली.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. गावात मला डॉक्टर म्हणत. डॉक्टर म्हणजे जो सही करतो तो. जो शेणात गुडघे टेकतो तो पर्यवेक्षक. माझी निम्मी नोकरी घाटावर, दुसरबीडच्या बाजूला झाली आणि उरलेली घाटाखाली, वरवट बकाल आणि जळगाव जामोदच्या पट्ट्यात. काम म्हणजे गाई भरवणे, गोऱ्हे बडवणे म्हणजे खच्ची करणे, लाळ्या-खुरकुताच्या लसी टोचणे, कानात बिल्ले मारणे. बैलाला सुई टोचायची एक रीत आहे. आधी मानेवर मुठीने दोन हलक्या थापा द्यायच्या आणि तिसऱ्या थापेला सुई आत. जनावराला वाटते, ही पण थापच. नवीन माणसाचा हात तिसऱ्या थापेला थरथरतो, बैलाला ते सुई लागायच्या आत कळते, आणि मग नवीन माणूस गव्हाणीत सापडतो. आमच्या धंद्याचे सगळे ज्ञान एवढेच आहे. बाकीचे नोंदवहीत असते.

कुत्री आमच्याकडे फार उशिरा आली. म्हणजे गावात कुत्री होतीच, पण त्यांना कोणी दवाखान्यात आणत नसे. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र घरोघरी विलायती नावांची कुत्री आली आणि त्यांच्यामागून त्यांचे मालक धापा टाकत आले. एका पुढाऱ्यांच्या रॉटवायलरचा वाढदिवस होता. बसस्थानकासमोर बॅनर लागले होते, त्यावर कुत्र्याच्या फोटोखाली अकरा शुभेच्छुकांची नावे. मी लस टोचायला बंगल्यावर गेलो, तर कुत्रा दिवाणखान्याच्या मधोमध बसलेला आणि साहेब, त्यांच्या सौभाग्यवती आणि दोन शुभेच्छुक सोफ्यावर उभे.

"घ्या डॉक्टर, धरा त्याले," साहेब वरून म्हणाले.

"मालकानं धरा लागते साहेब."

"मालक आम्ही हाओत, पण थो आमचं आयकत नाही."

त्या दिवसापासून मी लस टोचण्याआधी कुत्र्याकडे पाहणे सोडून दिले. मालकाचे हात पाहू लागलो. कुत्र्याचे बहुतेक सगळे आजार तिथेच दिसतात.

हे सगळे सांगतोय ते निर्मलावहिनींपर्यंत येण्यासाठी. त्या दवाखान्याच्याच गावच्या. त्यांचे यजमान रामकृष्णभाऊ यांच्या बैलजोडीला मी वर्षानुवर्षे लसी टोचल्या. भाऊ गेले, त्यानंतर बैल विकले, शेत ठोक्याने दुसऱ्याला कसायला दिले, आणि मुलगा प्रशांत पुण्याला एका कंपनीत असल्यामुळे वहिनी घरात एकट्या राहत होत्या. एकट्या म्हणजे सुखाने एकट्या. हे लोकांना खरे वाटत नाही.

जूनमधली गोष्ट. वहिनी डावा हात प्लास्टरमध्ये घालून दवाखान्यात आल्या आणि बाकावर बसल्या.

"डाक्टरभाऊ, गरीब व्हायचं एखादं इंजेक्शन द्या."

"कोणासाठी?"

"थो पाठवला ना प्रशांतनं. ब्रूनो."

ब्रूनो हा सव्वा वर्षाचा जर्मन शेफर्ड. प्रशांतने तो पुण्याच्या फ्लॅटमध्ये पाळला होता. तो दिवसभर भुंके, सोसायटीने नोटीस दिली, आणि त्या नोटिशीनंतर प्रशांतच्या लक्षात आले की आई गावात एकटी आहे आणि तिला सुरक्षेची गरज आहे. कुत्रा मोटारीने आला. सोबत एक पितळी पाटीही आली, 'कुत्र्यापासून सावधान'. प्रशांतने ती स्वतः फाटकावर ठोकली, तिच्यासह आईचा फोटो काढला आणि संध्याकाळच्या आत परत गेला.

"परवा किराण्याच्या दुकानापासून हनुमानाच्या ओट्यापावतर ओढत नेलं मले," वहिनी म्हणाल्या. "मनगट गेलं. त्याचं काही नाही. लोकं म्हणतात, वहिनी कुत्रं फिरवून राह्यली का कुत्रं वहिनीले?"

"परत पाठवा त्याले."

"फोन केला ना. प्रशांत म्हणे, आई, एक कुत्रा सांभाळता येत नाही तर एकटी कशी राहणार? दिवाळीले येतो, तवा पाहू. दिवाळीपावतर याले वळण नाही लागलं तर घराले कुलूप लावून मले घेऊन जाते थो."

पुण्याला त्या एकदा पंधरा दिवस राहून आल्या होत्या. "अकरावा मजला," त्या म्हणाल्या. "खाली पाह्यलं तं चक्कर, समोर पाह्यलं तं दुसऱ्याची खिडकी. पंधरा दिवस मले कोणी नावानं हाक नाही मारली."

म्हणजे कुत्रा हा कुत्रा नव्हताच, तो वहिनींचा पेपर होता आणि दिवाळीत निकाल होता. माझ्या लक्षात हे आले, आणि मग मी माझ्या अनुभवाच्या जोरावर सल्ला दिला. तो सल्ला मूर्खपणाचा होता. मी गाई-बैलांचा माणूस. नवा गोऱ्हा उधळत असला तर आम्ही त्याला गोठ्यात खुंट्याला आखूड दाव्याने बांधतो. आठ दिवसांत तो जागेवर येतो. मी म्हणालो, "वहिनी, गोठा रिकामाच हाये. भाऊंच्या बैलाच्या खुंट्याले बांधा. आठ दिवसांत गरीब होते."

आमच्या गावांत कोणीही हाच सल्ला दिला असता आणि कोणीही तो ऐकला असता. बैल बांधला की त्याला कळते की हे आपले ठिकाण. कुत्रा बांधला की त्याला कळते की आता आपल्याला पळता येणार नाही, तेव्हा जो येईल त्याला आधी घाबरवले पाहिजे. हा फरक मला त्या वेळी ठाऊक नव्हता. तीसेक वर्षांची नोकरी झाली होती.

आठ दिवसांनी मी स्वतःच गेलो. गल्लीच्या तोंडापासून भुंकणे ऐकू येत होते. गोठ्यात खुंट्याभोवती कुत्र्याने नखांनी जमीन उकरून एक गोल रिंगण केले होते, अगदी दोराच्या लांबीएवढे. रिंगणाबाहेर जेवणाचे भगोने आणि एक लांब काठी. वहिनी भाकर भगोन्यात टाकून काठीने ते आत सरकवत. दूधवाल्याने येणे बंद केले होते. परसाची वाट गोठ्यातून, म्हणून वहिनी परसात जायच्या तर घरातून बाहेर पडून, गल्लीतून वळसा घालून, मागच्या दाराने. स्वतःच्या घरात.

दोराने कुत्र्याची मान सोलली होती. जखमेवर माश्या. हात लावणे शक्य नव्हते. मी लांबून औषधाचा फवारा मारला, तो निम्मा माझ्याच पँटवर आला.

"माझी चूक झाली वहिनी," मी म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या. "पण आता काय करायचं थे सांगा."

मी घरी जाऊन मोबाईलवर प्रशिक्षकांचे व्हिडिओ पाहिले. सगळ्यांच्या मागे हिरवळ होती आणि सगळ्यांचे कुत्रे आधीच शहाणे होते. प्रत्येक जण सांगत होता, मालक कोण आहे हे कुत्र्याला कळू द्या. ऐकायला सोपे वाक्य आहे. त्या घराची मालकीण कोण, हे वहिनींच्या मुलालासुद्धा कळलेले नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी मी तो सल्ला पोचवला. वहिनी रिंगणाजवळ उभ्या राहिल्या आणि जोरात ओरडल्या, "चूप!" ब्रूनो दुप्पट जोराने भुंकला. त्याला वाटले असावे, चला, आता आपण दोघे मिळून भुंकतो आहोत.

मी काठी उचलून ठेवली आणि निघालो. मागून वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाले पाखऱ्या आठवते का?"

पाखऱ्या हा रामकृष्णभाऊंचा बैल. मारका होता. मला त्याने एकदा गव्हाणीत बसवले होते, तेव्हा आठवण्यात काही अडचण नव्हती.

"याईनं त्याले कधी मारलं नाही," वहिनी यजमानांबद्दल म्हणाल्या. "घमेलं पालथं घालून गोठ्यात बसत. त्याच्याकडे पाठ करून. दोर वळत. बोलत नसत. मी म्हणो, हे काय करून राह्यले? तं म्हणत, त्याच्यासाठी नाही बसलो, माह्यासाठी बसलो. मी शांत झालो की मंग त्याचं पाहतो."

दुसऱ्या दिवसापासून वहिनी घमेले पालथे घालून बसल्या. रिंगणापासून दोन हात लांब, कुत्र्याकडे पाठ, मांडीवर सूप आणि सुपात घरची तुरीची डाळ. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्याने निवडणे. मी सकाळी दवाखाना उघडण्याआधी फेरी मारी. पहिल्या दिवशी कुत्रा एक तास भुंकला. वहिनींच्या पाठीवर घामाचा डाग पडला होता आणि सुपातली निम्मी डाळ जमिनीवर होती.

"जमते का?" मी विचारले.

"डाळीत एक खडा नाही सापडला," त्या म्हणाल्या. "खडे हायेत, मले माहीत हाये. पण हात हालते ना, म्हणून दिसत नाहीत."

मला तेव्हा कळले की त्या कुत्र्याचे भुंकणे मोजतच नव्हत्या. त्या खडे मोजत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांना दोन खडे सापडले. पाचव्या दिवशी सहा, आणि त्या दिवशी ब्रूनो मध्येच गप्प झाला आणि जमिनीवर बसला. त्यांनी वळून पाहिले नाही. घमेले एक वीत मागे सरकवले. असे रोज एक वीत. नवव्या की दहाव्या दिवशी मी गेलो तेव्हा त्या रिंगणाच्या आत होत्या आणि कुत्रा त्यांच्या पदराचा वास घेत होता. वहिनींचा चेहरा पांढराफटक. पण हात चालू होता. मी फाटकाशीच थांबलो. तीस वर्षांत मी खूप ठिकाणी घाईने आत गेलो आहे. त्या दिवशी गेलो नाही, एवढे एक माझ्या नावावर आहे.

त्याच आठवड्यात त्यांनी त्याच्या मानेला स्वतः मलम लावले. मी दोर कापला, चामड्याचा रुंद पट्टा घातला.

मग चालणे. ते आम्ही दोघांनी मिळून ठरवले. कुत्र्याने ओढले की थांबायचे. ओरडायचे नाही, उलटे ओढायचे नाही, नुसते खांबासारखे उभे राहायचे. दोर सैल झाला की पुन्हा निघायचे. घरापासून हनुमानाच्या ओट्यापर्यंत पाच मिनिटांची वाट. पहिल्या दिवशी दीड तास लागला. ओट्यावरच्या रिकाम्या मंडळींना पावसाळाभर पुरेल एवढी करमणूक झाली.

"काऊन वहिनी, बस येऊन राह्यली का?" एकाने विचारले.

"हाव," वहिनी जागेवरून न हलता म्हणाल्या. "तुम्हाले बसवून द्यायसाठीच थांबली."

पूर्वी त्या मान खाली घालून गेल्या असत्या. मला वाटते, वळण नेमके कोणाला लागत होते ते त्या दिवशी ओट्यावरच्यांनाही कळले, कारण नंतर कोणी काही विचारले नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. लोणी आणि हळद खांद्याला चोळायची आणि म्हणायचे, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. भाऊ गेल्यापासून त्या घरी हे बंद होते. त्या संध्याकाळी मी एका गाईचे काम आटोपून गोठ्यावरून जात होतो. वहिनी दोन्ही हातांनी ब्रूनोच्या खांद्याला हळद चोळत होत्या. प्लास्टर निघाले होते. मला पाहून त्या ओशाळल्या नाहीत.

"याच्या मानेवर जू नाही," मी म्हणालो.

"दोर तं होता ना," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगतला होता बांधायले."

दुसऱ्या दिवशी त्याने पुरणपोळी खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी मी त्याला जुलाबाचे औषध दिले.

दिवाळीत प्रशांत आला, बायकोसह. मला मुद्दाम बोलावले होते. ब्रूनो ओसरीवर बसला होता. फाटक वाजले तसा उठला, वहिनींकडे पाहिले, वहिनी काही बोलल्या नाहीत, तो पुन्हा बसला. प्रशांतचा त्यावर विश्वास बसेना. तो अंगणातून चार वेळा आत-बाहेर करून आला.

"काका, हा तोच आहे?"

"तोच."

"अमेझिंग आहे. आई, तू तर ट्रेनर झालीस."

वहिनी आयुष्यात फार कमी वेळा तशा हसल्या असतील. मीही हसलो. निकाल लागला होता. प्रशांत मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, एक लेटर मिळेल का? हा डेंजरस नाही, असं सर्टिफिकेट. दवाखान्याच्या शिक्क्याचं."

मी विचारायला हवे होते, कशाला. विचारले नाही. मला त्या क्षणी तो दाखला लिहायची हौस आली होती. एवढ्या नोकरीत मी शवविच्छेदनाचे दाखले लिहिले, विम्याचे लिहिले, बाजाराचे लिहिले. चांगल्या गोष्टीचा दाखला कोणी मागितला नव्हता. मी दवाखान्यात जाऊन सुंदर अक्षरात तो लिहिला. बैलाच्या दाखल्यात असतात तशी कलमे घातली. रंग: काळा-तांबूस. वय: पावणेदोन वर्षे. खूण: मानेवर दोराचा जुना व्रण. स्वभाव: गरीब. आमच्या बाजारात शांत जनावराला गरीब म्हणतात. डॉक्टर तेव्हा तीन दवाखाने सांभाळत होते. त्यांनी न वाचता सही केली. शिक्का मी मारला, आणि तो नीट उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी प्रशांत मोटारीचे मागचे दार उघडून उभा होता. सोसायटीची अट एवढीच होती की सरकारी दाखला आणा. आता कुत्रा शहाणा झाला होता, तेव्हा तो पुण्यात ठेवता येणार होता. आईला कोणी विचारले नव्हते. तिचा त्रास कमी होणार, यात विचारायचे काय?

पण ब्रूनो मोटारीत चढेना. प्रशांतने ओढले, बिस्किट दाखवले, मागून ढकलले. कुत्रा चारही पाय रोवून उभा. ओट्यावरची मंडळी इथवर आली होती.

"आई, तू सांग ना त्याला," प्रशांत म्हणाला. "तुझं ऐकतो तो."

वहिनी पुढे आल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चढ बावा." आणि तो चढला.

मोटार वळणावर दिसेनाशी झाल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "म्या जराशी घाबरली असती ना भाऊ, तं थो गाडीत नसता गेला. लय घाबरून पाह्यलं. घाबरताच येईना."

दाखला माझ्या अक्षरात होता.

जानेवारीत प्रशांत पुन्हा आला. आता कुत्राही नव्हता, म्हणजे आई पूर्ण एकटी, तेव्हा घर बंद करून तिला न्यायचे. वहिनींनी मला हे नंतर सांगितले, डाळ निवडता निवडता. "थो बोलत होता, मी दारात उभी राह्यली. चूप. त्याले म्हटलं, ओढणं थांबलं की निघू. थो काही ओढणं थांबवे ना, मी काही निघे ना. दुपारी गेला जेवून."

मार्चमध्ये त्याचा मला फोन आला. ब्रूनो पुन्हा भुंकू लागला होता. दिवसभर फ्लॅटमध्ये एकटा असे. संध्याकाळी दोघे दमून येत आणि त्याच्यावर ओरडत. सोसायटीचे सेक्रेटरी माझा दाखला हातात घेऊन विचारत होते की यातले गरीब कुठे आहे.

"काका, असं एखादं इंजेक्शन असतं का?"

"नसते," मी म्हणालो. "त्याले परत आईकडे आणून दे."

तो म्हणाला, बघतो. मग एक महिना बघितले. मग कुत्रा पुण्याबाहेर मित्राच्या मित्राच्या फार्महाऊसवर दिला. गावाचे नाव वहिनींनी तीनदा विचारले. ते त्याला माहीत नव्हते. मित्रालाही माहीत नव्हते. तिथे त्याला बांधून ठेवतात का, एवढे विचार, असे वहिनी म्हणाल्या. प्रशांत म्हणाला, आई, मोठी जागा आहे, मजेत असेल.

मी निवृत्त झालो तेव्हा शाल-श्रीफळ मिळाले आणि वक्त्यांनी मुक्या प्राण्यांच्या वेदना जाणणारा असा माझा गौरव केला. समोर बसून मला मानेवरचा व्रण आठवत होता. तो मी सांगितलेल्या दोराचा होता, आणि दाखल्यात खूण म्हणून मीच लिहिला होता.

वहिनी अजून त्याच घरात राहतात. मी अधूनमधून जातो. पालथे घमेले गोठ्यात तिथेच आहे, आणि उकरलेल्या रिंगणात दोन पावसाळ्यांनंतरही नीट गवत आलेले नाही. त्या तिथे बसून डाळ निवडतात, खुंट्याकडे पाठ करून. खडा एकही सुटत नाही.

सुरक्षेचे म्हणाल, तर त्या घरात आजवर एकच चोरी झाली आहे. गेल्या उन्हाळ्यात भरदुपारी, वहिनी घरात असताना, फाटकावरची ती पितळी पाटी कोणीतरी काढून नेली.